शनिवारी वजन नाही, पायांची ताकद बघायचीय
मंडळी नमस्कार, शनिवारी सकाळी ७ ला कमाटीबागेत नेहमीच्या बाकांपाशी भेटतोय. मागच्या वेळी वजन तेवढंच भरलं म्हणून सगळे खूश, पण वयाबरोबर स्नायू कमी होतात न् चरबी वाढते, काटा तोच आकडा दाखवतो आणि पाय मात्र कमजोर झालेले असतात, माणूस पडतो तो त्यामुळेही. म्हणून यावेळी खुर्ची टेस्ट, हात छातीवर बांधून ५ वेळा उठायचं-बसायचं, १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवाच. आमची आई खुर्चीच्या दांड्याला रेटा दिल्याशिवाय उठत नव्हती, आम्ही म्हटलं वय झालं, आणि मग ती मोरीत पडली. सपाता नकोत, बूट घालून या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी टेस्ट करू नये, पण यावं नक्की.