तक्रार पत्र: पैसे एचआरडीचे घेतले, शिक्का दिल्लीच्या एसडीएमचा मारला

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय: बी.एस्सी. व बी.एड. पदव्यांचे ठरल्याप्रमाणे साक्षांकन न केल्याबद्दल, खोटी माहिती दिल्याबद्दल आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी अमळनेरला एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. कुवेतमधल्या एका भारतीय शाळेने मला नेमणुकीचं पत्र दिलं आणि सोबत कागदपत्रांची यादी पाठवली. त्या यादीत एक ओळ ठळक अक्षरांत होती: पदवी आधी राज्याच्या शिक्षण खात्याकडून प्रमाणित झालेली हवी (यालाच एचआरडी म्हणतात), एसडीएमचा, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा, शिक्का चालणार नाही. हीच यादी घेऊन मी फेब्रुवारीत, पदव्यांचं साक्षांकन करून देणाऱ्या आपल्या कंपनीच्या नाशिक शाखेत आले. काउंटरवरच्या तुमच्या माणसाने ती ओळ वाचली, तिच्याखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाला, "मॅडम, एचआरडीच करू. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग मुंबई, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय, शेवटी एम्बसी. तुम्ही पैसे भरा आणि निवांत राहा."

दोन पदव्यांचे मिळून २४,००० रुपये मी त्याच दिवशी भरले. त्यातले ११,००० रुपये "एचआरडी महाराष्ट्र" या नावाने पावतीवर वेगळे दाखवले आहेत. पतसंस्थेचं कर्ज काढून भरलेले पैसे आहेत, म्हणून पावती जपून ठेवली आणि आता ती उपयोगी पडते आहे.

मे महिन्याच्या शेवटी पाकीट घरी आलं. पदवीचा कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा गोल शिक्का, त्यात दिल्लीच्या एसडीएम कार्यालयाचं नाव, वर तिरकी सही. त्याच्या शेजारी परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याचा कुठे मागमूस नाही आणि कुवेतच्या दूतावासाची जागा कोरी. बी.एड.च्या पदवीला मात्र टाचणीने एक चिठोरी लावलेली होती. तुमच्याच कोणीतरी निळ्या पेनाने लिहिलेली: "एचआरडी नाही. एम्बसी रिटर्न." खाली एप्रिलमधली तारीख. बहुधा पाकीट बंद करताना काढायची राहून गेली.

म्हणजे दूतावासाने फाइल एप्रिलमध्येच परत केली होती. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तुमच्या हेल्पलाइनवरून एकच उत्तर मिळालं, "एम्बसीत सध्या फार गर्दी आहे, फाइल प्रोसेसमध्ये आहे." आपल्या ॲपवरही अगदी काल-परवापर्यंत "एचआरडी पूर्ण" असंच दिसत होतं, हिरव्या खुणेसह. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. काम चुकणं मी समजू शकते. पण न झालेल्या कामापुढे हिरवी खूण करायची आणि विचारणाऱ्याला गर्दीची थाप मारायची, याला चूक म्हणत नाहीत.

तरीही एकदा खात्री करावी म्हणून मी जळगावला विद्यापीठात गेले. माझ्या दोन्ही पदव्या तिथल्याच. अमळनेरहून गाडीने जळगाव आणि तिथून रिक्षाने बांभोरीच्या बाजूला, गिरणा नदीपाशी. आमच्याकडच्या कुणालाही ही वाट पाठ असते. परीक्षा विभागात चौकशी केली. त्यांनी नोंद पाहून सांगितलं की माझ्या नावाने पडताळणीचा कुठलाही अर्ज आलेलाच नाही. जी पडताळणी झाल्याचं तुम्ही मला मार्चमध्ये मेसेज करून कळवलं होतं, तिचा पहिला कागदसुद्धा नाशिकहून जळगावला पोचलेला नाही. आणि हे काम मी स्वतः करायला तयार होते हो. पहिल्याच दिवशी तसं म्हणाले होते. तेव्हा उत्तर मिळालं, "तुम्ही त्रास घेऊ नका, ते पॅकेजमध्येच आहे."

मधल्या काळात तुमच्या शाखेने घातलेला आणखी एक घोळ नोंदवते. मार्चमध्ये फोन आला की पदवीवर "उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ" छापलंय, पण वेबसाइटवर विद्यापीठाचं नाव वेगळं आहे, तेव्हा नव्या नावाची पदवी काढून आणा, नाहीतर फाइल पुढे जाणार नाही. साहेब, हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं. त्याआधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. माझ्या पदव्या २०१० आणि २०१२ च्या आहेत, त्यावर त्या वेळचंच नाव असणार. आमच्या शाळेतल्या निवृत्तीला आलेल्या सरांच्या पदवीवर पुणे विद्यापीठ आहे, म्हणून काय ती खोटी ठरली? हे सगळं मी फोनवर समजावून सांगितलं, मग ईमेलने लिहून पाठवलं. त्यानंतर हा मुद्दा आपोआप गायब झाला. कधी अक्षर न गिरवलेल्या बहिणाबाईंचं नाव ज्या विद्यापीठाला आहे, त्याची ओळख पटवून द्यायला एका शिकल्यासवरल्या कंपनीला दोन पानी पत्र लागावं, याचं हसू आलं, नंतर संताप. पडताळणीसाठी विद्यापीठाला खरंच कुणी विचारलं असतं, तर हा प्रश्न पडलाच नसता, हे मला नंतर कळलं.

लग्नानंतरचं आडनाव पासपोर्टवर आहे, पदवीवर माहेरचं. त्यासाठीचं राजपत्र मी पहिल्या दिवशीच जोडलं होतं. तेही नंतर पुन्हा मागण्यात आलं. असो.

एसडीएमच्या शिक्क्याला माझा विरोध नाही. काही देशांना, काही कामांना तो पुरत असेल. पण दिल्लीत बसलेल्या त्या अधिकाऱ्याकडे जळगावच्या विद्यापीठाचं रजिस्टर नाही. ही पदवी खरोखर या बाईला दिली गेली का, हे तपासायची सोय राज्याच्या पातळीवर आहे, विद्यापीठाच्या नोंदीवरून. शाळेत परक्या देशातली मुलं ज्यांच्या हाती सोपवायची, त्यांच्याबद्दल ती शाळा एवढं विचारणारच. माझी पदवी खरी आहे आणि ती कुणीतरी नीट तपासावी एवढ्याचसाठी मी ११,००० रुपये दिले होते. ते टाळून तुम्ही माझ्या खऱ्या पदवीलाच संशयास्पद करून ठेवलं. आता कुवेतच्या शाळेतले लोक विचारतात, दूतावासाने परत का पाठवली? त्यांना मी काय सांगू?

त्यावर तुमच्या शाखेने जो तोडगा सुचवला तो तर कहर आहे. "अपोस्टिल करून देतो, ते एम्बसीपेक्षा भारी असतं, ४,५०० रुपये जादा लागतील." अपोस्टिल, म्हणजे दूतावासाच्या शिक्क्याऐवजी चालणारं परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणपत्र, हेग कराराच्या सदस्य देशांत चालतं. भारतात ते १४ जुलै २००५ पासून लागू आहे. कुवेत त्या करारात नाही, म्हणून तर दूतावासाचा शिक्का लागतो. आणि अपोस्टिलचं सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. साध्या साक्षांकनाला तर परराष्ट्र मंत्रालय शुल्कच घेत नाही. तुमची धावपळ, कुरिअर, नफा हे सगळं धरा, माझी हरकत नाही. पण जे चालणारच नाही ते भारी म्हणून विकू नका. माझे वडील हे ऐकून एवढंच म्हणाले, "त्यास्ले काय पडनी?"

तर माझं म्हणणं असं. दोन्ही पदव्यांची विद्यापीठाकडून पडताळणी, राज्याच्या शिक्षण खात्याचं साक्षांकन आणि त्यापुढचं सगळं काम तुमच्या खर्चाने, नव्याने आणि लगेच सुरू करा. विद्यापीठात अर्ज दिल्याची पोच मला त्याच दिवशी पाठवा. ॲपवरच्या खुणेवर माझा आता विश्वास नाही. हे जमणार नसेल तर पूर्ण २४,००० रुपये परत करा, मी माझा मार्ग शोधेन. काम केलं तरी "एचआरडी" म्हणून घेतलेले ११,००० रुपये परत मिळायला हवेत, कारण त्या नावाखाली तुम्ही दुसरंच काहीतरी करून दिलं. शिवाय कुवेतच्या शाळेला दाखवता येईल असं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र द्या: पदवीत दोष नाही, साक्षांकनाचा टप्पा आमच्याकडून गाळला गेला. हे पत्र मला सगळ्यांत आधी हवं आहे. त्यांची शाळा सप्टेंबरमध्ये उघडते आणि माझी जागा त्यांनी अजून तरी धरून ठेवली आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पावतीच्या मागे "वाद झाल्यास फक्त मुंबईचे न्यायक्षेत्र" असं बारीक अक्षरांत छापलंय, ते वाचलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही. त्यामुळे मुंबईला मला यावं लागणार नाही, जळगावला तुम्हालाच यावं लागेल.

पावती, तुमच्या माणसाने रेघ मारलेली यादी, दोन्ही पदव्यांच्या मागच्या बाजूचे फोटो, ॲपचे स्क्रीनशॉट आणि मार्चमधला मेसेज यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. चिठोरीची फक्त झेरॉक्स पाठवते, मूळ माझ्याकडेच राहील. फाइल क्रमांक पावतीवर आहे. माझी शाळा सकाळची असते, तेव्हा फोन करायचा तर दुपारी एकनंतर करावा, आणि जो करेल त्याने आधी फाइल उघडून पाहिलेली असावी.

आपली ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव