कंट्रोलर माझ्या हाताजोगा करून देणाऱ्यांनो, मनापासून आभार

माझ्या बोटांत जोर राहिलेला नाही. जुन्या निन्टेन्डो व्हिडिओ गेमच्या चपट्या कंट्रोलरवर अंगठा दाबून धरणं तर सोडूनच दिलं होतं. तो कंट्रोलर आता मांडीवरच्या फळीवर पसरलाय: मोठी बटणं कोपराशी, उडीचं बटण पायाशी.

आत फारसं काही नाही, हे मला तुमच्यामुळे कळलं. आठ बटणं, कोणतं बटण दाबलंय ते गेमला कळवणारी ४०२१ नावाची एक चिप आणि पाच तारा. बटण दाबलं की चिपची एक पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, टेकते, एवढंच. म्हणून बटणाला समांतर वायर जोडून ३.५ मिमीचा मोनो जॅक (हेडफोनच्या भोकासारखा) काढला की हवं ते स्विच लावता येतं. निन्टेन्डोने १९८९ मध्ये हनुवटीने आणि फुंकरीने चालणारा कंट्रोलर काढला होता, पण तो मिळणार कुठे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातले काका, तुम्ही हलक्या दाबाचे स्विच शोधायला अख्खा खण उपसलात आणि पैसे घेताना उगाच रागावलात. जत्रेतल्या पाळण्यासारखी गुंतलेली वायरिंग सोडवणाऱ्या ताई, पळण्याचं 'बी' बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहील ही युक्ती तुमची. मारिओ आता पळता पळता उडी मारतो! आणि सर्किटची आकृती काढून सगळ्यांसाठी फुकट ठेवणारे अनोळखी मित्र, पिनांचे क्रमांक अगदी बरोबर होते.

भाचा म्हणतो, मामा, आता तू जिंकायला लागलास, मला मजा येत नाही. त्याची तक्रार तुमच्याकडे पाठवतोय.