बदामाच्या पानांची तक्रार मीच केली होती

संपादक महोदय,

आमच्या वस्तीजवळच्या उद्यानात जॉगिंग ट्रॅकवर बदामाची वाळकी पानं पडलेली असतात, अशी लेखी तक्रार माघात कार्यालयात गेली. खाली सह्या सात, पहिली माझी. म्हणून हे पत्रही मीच लिहितो आहे.

ती पानं तिथं पडलेली नव्हती, पसरलेली होती. उद्यानात ठेक्यावर काम करणारा एक माणूस (नाव देत नाही, ठेक्यावरच्या माणसाचं नाव छापून आलं की त्याचं भलंच होतं असं नाही) ती मुद्दाम टाकत होता. कडुनिंबाचा पाला खताच्या खड्ड्यात लवकर कुजतो. देशी बदामाचं पान मात्र चामड्यासारखं, महिनोन् महिने तसंच राहतं. त्याचा आधी चुरा करावा लागतो आणि चुरा करायचं यंत्र त्याला कोण देणार? त्यानं आमचेच पाय कामाला लावले. पहाटे साडेपाचला पानं पसरायची, आठला चुरा झाडून न्यायचा. मधल्या वेळात आम्ही साठीपुढची मंडळी साखरेच्या धाकानं फेऱ्या मारतोच आहोत. हे मला विचारल्यावर कळलं, आणि विचारलं ते सही करून झाल्यावर. तो हसून एवढंच म्हणाला, "बाबा, हाऊ कचरा नई शे."

पंपघराच्या आडोशाला त्याचे तीन खड्डे आहेत. पाल्याचा थर, त्यावर कापलेलं ओलं गवत, मग शेणकाला आणि वरून थोडी माती. जळगावात मे महिन्यात पारा 43-44 वर जातो, तेव्हा ओलं गोणपाट टाकावंच लागतं. नाहीतर पाला कुजत नाही, नुसता वाळतो. एसटीच्या भांडारात तीस वर्षं काढल्यानं मोजायची खोड जात नाही. पूर्वी पानगळीत फाटकाशी कचऱ्याचा ट्रॅक्टर रोज उभा असायचा, यंदा आठवड्यातून दोनदा. त्यातही माल आपलाच: वाढदिवसाच्या केकचे खोके, थर्माकोलच्या ताटल्या आणि गुटख्याच्या पुड्या. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. पुड्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही.

आता देखभालीचा ठेका बदलतो आहे. नव्या लोकांनी येऊन खड्डे बुजवायला सांगितलं, डास होतात म्हणे. डास साचलेल्या पाण्यात होतात. कुजत्या ढिगात हात घालून बघावा, आत चांगलीच धग असते. कचरा वाहण्याचे पैसे वजनावर मिळणार असतील तर हे खड्डे कुणाला खुपतात, हे भांडारात बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि खड्डे गेले की पूर्वीसारखी भिंतीलगत काडी लागेल. उघड्यावर पाला जाळायला घनकचरा नियमांत मनाई आहे. हरित लवादानं 2016 मध्ये साध्या जाळण्याला 5,000 रुपये दंड सांगितला. तो भरलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मागणी एवढीच: ठेक्याच्या अटींत एक ओळ घाला, की उद्यानाचा पाला उद्यानाबाहेर जाणार नाही. आणि ठेका कुणाचाही असो, हा माणूस आणि त्याचे खड्डे जागेवर राहू द्या.

सातपैकी पाच सह्या मागे घेतल्याचं पत्र मी कार्यालयात दिलं आहे, पोच जवळ आहे. उरलेल्या दोघांना पायात बूट असताना पाचोळा कुठं टोचतो, हे रोज सकाळी विचारतो आहे.

एक निवृत्त एसटी कर्मचारी, जळगाव