परतीचं तिकीट पंधरा दिवस पुढे ढकला

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पण तू दिवसभर करतेस काय?" नेमकी मी मीटिंगला पळत होते. मावशीला तुम्ही "युनिव्हर्सिटीत ॲडमिनला आहे" म्हणून सांगता, ते मला माहीत आहे. खोटं नाही ते. समलिंगी, ट्रान्स, किंवा आपण नेमके कोण हे अजून उमगत नसलेली मुलं, अशांसाठी विद्यापीठाने एक कार्यालय ठेवलंय. गेल्या वर्षीपासून ते मी चालवते. (मावशीला माझ्याबद्दल शंका आलीच, तर फोन सरळ जावईबापूंकडे द्या.)

निम्मं काम कागदांचं आहे. इथे अमेरिकेत सरकारी शैक्षणिक मदतीसाठी २४ वर्षांखालच्या अविवाहित विद्यार्थ्याला सहसा आईवडिलांवर अवलंबून धरतात. त्यांच्या उत्पन्नाची माहिती नसली की फॉर्म अडतो. आता ज्या पोराने सुट्टीत घरी खरं सांगितलं आणि बापाने बॅगेसकट बाहेर काढलं, त्याने ती माहिती कुठून आणायची? अशांना सूट मिळते, पण मदत विभाग एकेक प्रकरण तपासून ती देतो. परिस्थिती जाणणाऱ्या बाहेरच्या माणसाचं पत्र लागतं. ते मी लिहिते. २००५च्या पुरात दाखले वाहून गेलेल्या पोरांचे दहावीचे फॉर्म तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर पुढे पाठवले होते, त्यातलाच प्रकार.

दुसरं काम नावांचं. ट्रान्स विद्यार्थ्याला हजेरीच्या यादीत स्वतःचं नवं नाव लावून घेता येतं. ते करून दिलं की आम्ही लगेच विचारतो, "घरी जाणाऱ्या पाकिटावर कुठलं नाव घालू?" बहुतेक जण क्षणभर गप्प होतात, मग जुनंच सांगतात. हा प्रश्न विचारायचा राहिला, तर पोराचं गुपित पोस्टमनच घरी पोचवील.

आई, तू म्हणालीस, आईवडिलांचं कोण बघतं? त्यांचेही फोन येतात. "माझा मुलगा तुमच्याकडे येतो का?" याचं उत्तर मी देत नाही, पण फोनही ठेवत नाही. ऐकून घेते. परवा एक बाई अर्धा तास बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तो जेवतो ना नीट?" आपल्या मुंबईतही अशा पालकांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे.

आणि ही अमेरिकेची थेरं आहेत असं कुणी म्हणालं, तर सांगा की आयआयटी मुंबईत मुलांचा ‘साथी’ हा गट २०११ पासून आहे. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि तृतीयपंथी असण्यावरून दिलेला त्रासही घातला. उलट इथेच हवा बदलली आहे. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून नवा कायदा आला आणि सरकारी विद्यापीठांतली अशी कार्यालयं बंद पडली. आमचं चालू आहे. नोकरीची काळजी तुम्ही करू नका, ती मी करतेच.

आता मुद्द्याचं. इथून तासाभरावर ॲन आर्बर आहे. तिथल्या मिशिगन विद्यापीठाने १९७१ मध्ये असं कार्यालय काढलं, अमेरिकेतलं बहुधा पहिलंच. रॉनी सॅन्लो नावाच्या बाईंनी तिथे १९९५ मध्ये या मुलांसाठी वेगळा पदवीदान सोहळा सुरू केला. समलिंगी म्हणून त्यांना स्वतःच्या पोटच्या मुलांच्या पदवीदानाला जाऊ दिलं नव्हतं. पहिल्या वर्षी तीन विद्यार्थी होते. आता देशभर असे सोहळे होतात. आमचा मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. प्रत्येक पदवीधराच्या गळ्यात त्याचं माणूस जांभळा गोफ घालतं. काहींचं कुणीच येत नाही. मग आम्ही कार्यालयातलीच माणसं उभी राहतो, पण पोरांना वडीलधारं कुणी हवं असतं, हे मी पाहिलंय.

तुमचं परतीचं तिकीट एप्रिलअखेरचं आहे. ते पंधरा दिवस पुढे ढकलूया, बदलायचे पैसे मी भरते. भाषण नाही, इंग्रजी बोलायची गरज नाही. बाबा, शाळेत बक्षीस समारंभाला उभे राहायचात तसे उभे राहा. आई, तुझी जांभळी इरकल बॅगेत टाक. गुडघ्यांसाठी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या धरून ठेवते.

नको वाटत असेल तर तसंही स्पष्ट कळवा, मी रुसणार नाही. फक्त रविवारपर्यंत सांगा, विमान कंपनीला फोन करायचाय. आणि चकलीची भाजणी आणा, तूप नको.

तुमची,
मनू