पूर ओसरल्यावर आलेल्यांचे आभार

गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की आम्ही नाशिकचे गोदाकाठचे लोक आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो; पाणी त्याला कुठवर लागलंय त्यावरून आम्ही पूर मोजतो. यंदा पाणी त्याच्या छातीला लागायच्या आतच काही पोरं गल्लीत शिरली आणि म्हाताऱ्या माणसांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. पोरांनो, आत्याबाईंच्या इन्सुलिनचा डबा तुम्हीच आठवणीने घेतलात. आम्हाला फक्त कपाटातले दागिने आठवत होते!

पण सगळ्यात जास्त ऋणी आहोत ते त्या आशाताईंचे. चिखल तुडवत त्या घरोघरी आल्या. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, पायाला साधी चीर असली तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होऊ शकतो, हे त्यांनी न कंटाळता प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. पाण्यात उतरलेल्यांना तो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी समोर उभं राहून गिळायला लावली. उपाशीपोटी नको म्हणून आधी बिस्किटं. शेजारच्या गरोदर सुनेला मात्र ती गोळी न देता थेट डॉक्टरांकडे धाडलं. प्यायच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं, हे तर आता आमची नातवंडंच आम्हाला सुनावतात.

गाळ उपसून ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्या सफाई कामगार दादा-ताईंनो, तुमच्या हातात हातमोजेही नव्हते. ते कुणी द्यायला हवे होते, ते आम्ही लेखी विचारलंय. तोवर गल्लीने वर्गणीतून हातमोजे आणि गमबूट आणलेत. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ठेवलेत, हक्काने घेऊन जा.