घसा धरला म्हणून गुळण्या करत बसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थायरॉइडवर काही छापून आलं की ते बहुतेक वजन वाढणाऱ्या थायरॉइडबद्दलच असतं. उलटे पेशंट, म्हणजे ज्यांची ग्रंथी नको तेवढी काम करते, छातीत धडधड, हात थरथरतात, दाबून खाल्लं तरी वजन उतरतंच, त्यांच्या गोळ्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मी 31 वर्षं स्टाफ नर्स होते, आता रिटायर झालेय, म्हणून लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला कार्बिमाझोल, म्हणजे जास्त चालणारी ग्रंथी आवरणारी गोळी, सुरू झाली. दीडेक महिना झाला असेल, तिचा घसा धरला, ताप 102. घरच्यांना वाटलं भिजली असेल, मग हळद-मिठाच्या गुळण्या, मेडिकलमधून कसलीतरी अँटिबायोटिक आणि थायरॉइडची गोळी मात्र इमानेइतबारे चालू! चौथ्या दिवशी तिला पाणीही गिळवेना तेव्हा सासूबाई मला बोलवायला आल्या. टॉर्च मारून बघितलं तर घशात पांढरे चट्टे. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी केली, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी 900, एरवी 4 हजाराच्या वर हव्यात. नऊ दिवस ऍडमिट होती, वाचली बिचारी.

या गोळीने पांढऱ्या पेशी अशा उतरणं हजारात दोन-चार जणांनाच होतं आणि बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, पण होतं तेव्हा झपाट्याने होतं. म्हणून मागच्या महिन्याचा रिपोर्ट नॉर्मल होता असं म्हणून काही उपयोग नाही. ही गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, लगेच डॉक्टरांना गाठायचं आणि त्याच दिवशी सीबीसी करायची. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तरी तसंच, कारण लिव्हरलाही त्रास होऊ शकतो. एकदा का पेशी अशा उतरल्या की ही गोळी पुन्हा आयुष्यात नाही.

आणखी एक गंमत सांगते. त्या घरात सासूलाही थायरॉइड, पण कमीचा, तिची थायरॉक्सिन आणि सुनेची कार्बिमाझोल एकाच डब्यात, दोन्हीचं नाव "थायरॉइडची गोळी". अदलाबदल झाली नाही हे नशीब, झाली असती तर सुनेची धडधड आणखी वाढली असती.

वॉर्डात आम्हाला रोज ऐकायला लागायचं, सिस्टर आठ दिवस झाले काहीच फरक नाही. अहो, ग्रंथीत आधीच बनून साठलेला हार्मोन संपायला वेळ लागतो, नीट फरक पडायला तीन-चार आठवडे जातातच. तोवर धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात, पण दमा असेल तर ते आधी सांगायचं, आणि बरं वाटलं म्हणून ही धडधडीची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. दिवस राहिले किंवा राहावेत असा विचार असला तरी डॉक्टरांना लगेच सांगावं, पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक वेळा कार्बिमाझोल बदलून दुसरं औषध देतात.

त्या मुलीला कोणी काहीच सांगितलं नव्हतं का, असं मी विचारलं. सासूबाईंनी फाईल काढली. आत सूचनांचा कागद होता, सगळा इंग्रजीत, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ओपीडीत गर्दी किती असते ते मला माहितीये, पण केसपेपरवर मराठीत एक ओळ लिहायला आणि पेशंटकडून ती एकदा वाचून घ्यायला अर्धा मिनिट लागतो, तेवढं तरी आमच्या सिस्टर लोकांनी करावं.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा