लेबल वाचून मगच

गुहागर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, "आई, आयसीयूत आता हात बसला." बरं वाटलं, पण जरा धास्तीही वाटली.

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. तू चौथीत होतीस. माझी वॉर्डात नाइट ड्युटी होती, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली. एका बाळंतिणीचं ॲम्पिसिलीन विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर हवं होतं. ट्रेत हात घातला, ॲम्प्यूल फोडलं, सिरिंज भरली. बॅटरी धरून उभी असलेली वॉर्डातली मावशी म्हणाली, "ओ बाई, ह्याच्यावरची अक्षरं रोजच्यासारखी नाय दिसत." तिला वाचता येत नव्हतं! बघते तर केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. दहा एमएलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, तेही पातळ न करता. शिरेत ढकललं असतं तर त्या बाळंतिणीचं हृदय तिथंच थांबलं असतं. भर पावसात मला घाम फुटला.

सकाळी मी केसीएल ट्रेमधून काढून कपाटात कुलपाआड ठेवलं. नोंद मात्र कुणी करू दिली नाही. म्हणे, काही घडलंच नाही तर लिहायचं काय? ते अजून खटकतं. तुमच्याकडे असं काही झालं तर तू लिहीच.

इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे एमएलला 40 युनिटच्याही येतात नि 100 च्याही. लाल टोपणाची सिरिंज 40 ची, केशरी 100 ची. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये घेतलंस तर दहाच्या खुणेला 25 युनिट जातात. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या पाच एमएलच्या बाटल्याही दोन तऱ्हेच्या, एकीत 5,000 युनिट, दुसरीत 25,000. अशा औषधांना दुसरी सिस्टर बोलवायचीच. पण तिला आधी आपला आकडा सांगू नकोस. तिचा हिशोब तिला करू दे, मग जुळवा. नुसतं "हो हो, बरोबर" म्हणायला कशाला हवी ती?

आणि इमर्जन्सीत डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला डोस मोठ्याने परत म्हण. गडबडीत डोपामिन नि डोब्युटामिन कानाला सारखीच लागतात. कुणी वैतागलं तर वैतागू दे.

उद्याच्या एसटीने डबे पाठवतेय. कुळथाचं पीठ नि आंबोळीचं पीठ, डबे सारखेच आहेत. चिठ्ठ्या चिकटवल्यात. मागल्या खेपेला आंबोळीच्या पिठाचं पिठलं केलं होतंस, आठवतंय ना?

तुझी,
आई